जी सेव्हन ऑल्टर्ड: बोटं कुठून येतात आणि कुठे जातात

प्रश्न थोडक्यात असा. सात-आठ वर्षं हार्मोनियम वाजवून आता जॅझ पियानोकडे वळलेल्या एका वाचकाने लिहिलंय: "लीड शीटवर जी सेव्हन ऑल्टर्ड दिसलं की त्यातले स्वर मला तोंडपाठ येतात. फ्लॅट नाइन, शार्प नाइन, शार्प इलेव्हन, फ्लॅट थर्टीन. अप्पर स्ट्रक्चरचा तक्ताही पाठ आहे. तरी मी वाजवलेली कॉर्ड गाण्यात उपरी वाटते आणि बासवाला वळून बघतो. नक्की काय चुकतंय? आणि बँडमध्ये गिटार असेल तर काय करायचं?"

बासवाला माझ्याकडेही पुष्कळ वर्षं वळून बघायचा, त्यामुळे हा प्रश्न मी आपुलकीने घेतोय. (नवख्यांसाठी: लीड शीट म्हणजे धून आणि कॉर्डची नावं लिहिलेला कागद. आकडे मुळापासून मोजलेल्या स्वरांचे, फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर खाली, शार्प म्हणजे वर. ऑल्टर्ड म्हणजे ज्या कॉर्डचे पाचवा आणि नववा असे खाली-वर केलेत ती. अप्पर स्ट्रक्चर म्हणजे मूळ कॉर्डच्या वर ठेवलेली वेगळी तीन स्वरांची कॉर्ड.)

तुमचे स्वर बरोबरच आहेत. पण ते जी या मुळावर रचलेल्या ढिगासारखे पाठ झालेत. एक कॉर्ड सुटी घेऊन तिच्यात काय काय भरता येईल हे पाठ केलं, की ती आधीच्या आणि नंतरच्या कॉर्डला कशी जोडली जाते हे हाताला कळत नाही. ऑल्टर्ड कॉर्ड म्हणजे जिन्यातली मधली पायरी आहे. तिच्यावर कोणी मुक्काम करत नाही.

आधी स्वरांचा हिशोब एकदा नीट लावू. तुम्ही हार्मोनियमवाले आहात म्हणून सरगममधून सांगतो. जी ला सा धरा. ऑल्टर्ड स्केल होतं: सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. पंचम वर्ज्य, शुद्ध रे वर्ज्य. गुजरी तोडी आठवली असेल तर कान बरोबर चाललाय. तिथेही पंचम नाही आणि सा, कोमल रे, कोमल ग, तीव्र म, कोमल ध तेच आहेत. फरक एवढाच की तोडीत निषाद शुद्ध आणि इथे कोमल, शिवाय इथे शुद्ध गंधार ठाण मांडून बसलेला. तो शुद्ध ग आणि कोमल नी, म्हणजे बी आणि एफ, हीच कॉर्डची ओळख. बाकीचे चार स्वर बदलते पाहुणे. (तोडीची आठवण इथेच ठेवा. वाजवताना तिच्या चालीने गेलात तर ड्रमवालाही वळून बघेल.)

पियानोच्या पट्ट्यांवर हे आणखी सोपं दिसतं. जी सेव्हन ऑल्टर्डमध्ये पांढऱ्या पट्ट्या तीनच: जी, बी, एफ. काळ्या पट्ट्यांपैकी एफ शार्प सोडून सगळ्या. माझे पहिले शिक्षक मूळचे गोव्याचे. लहानपणी चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेले आणि मुंबईत दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला, रात्री हॉटेलात वाजवणारे. त्या पिढीतले कितीतरी गोवेकर वादक असेच जगले. त्यांनी माझ्या पियानोवरच्या डी आणि ए या पट्ट्यांवर पोस्टाच्या तिकिटांच्या कडेचा गोंदवाला कागद चिकटवला होता आणि आठवडाभर काढू दिला नव्हता. बोट कागदावर पडलं की थांबायचं. डी म्हणजे शुद्ध पाचवा, ए म्हणजे साधा नववा. कॉर्डमध्ये ई फ्लॅट आणि डी फ्लॅट घालून वर सवयीने डी ही ठेवला, की ती गढूळ होते. बहुतेकांचं पहिलं चुकतं ते इथे. नवे स्वर घातले जातात आणि जुने काढायचे राहून जातात.

आता मूळ मुद्द्याकडे. डावा हात मधल्या सी च्या खालच्या एफ वर ठेवा आणि या चार कॉर्ड सावकाश वाजवा. क्रम खालून वर.

डी मायनर नाइन: एफ, ए, सी, ई.
जी थर्टीन: एफ, ए, बी, ई.
जी सेव्हन ऑल्टर्ड: एफ, ए फ्लॅट, बी, ई फ्लॅट.
सी मेजर नाइन: ई, जी, बी, डी.

काय हललं ते बघा. पहिल्याकडून दुसरीकडे जाताना फक्त सी अर्धा स्वर उतरून बी झाला. दुसरीकडून तिसरीकडे ए आणि ई अर्धा-अर्धा उतरले. तिसरीकडून चौथीकडे एफ, ए फ्लॅट आणि ई फ्लॅट अर्धा-अर्धा उतरले, बी जागेवर राहिला. एकही बोट उडी मारत नाही. खालून दुसरं बोट गायलं तर ए, ए फ्लॅट, जी अशी एक ओळ ऐकू येते आणि वरच्या बोटाची ई, ई फ्लॅट, डी अशी दुसरी. ऑल्टर्ड कॉर्ड म्हणजे या दोन ओळींची मधली पायरी. तिचा कडवटपणा सुटा ऐकला तर बोचतो, पण आधी ए आणि नंतर जी ऐकू आला की त्याच ए फ्लॅटला कान आपणहून वाट देतो. तुमची कॉर्ड उपरी वाटते ती बहुतेक याच कारणाने. तुम्ही आधीच्या कॉर्डमधून तिच्यात उतरत नाही, हात उचलून वेगळ्याच जागी टेकवता.

सा आता सी वर न्या, म्हणजे ज्या घरी जायचं तिथे. ए फ्लॅट कोमल ध, तो पंचमावर उतरतो. डी फ्लॅट कोमल रे, तो सा वर. ई फ्लॅट कोमल ग, तो रे वर. एफ मध्यम, तो गंधारावर. शुद्ध निषाद तेवढा वर सा कडे ओढतो, किंवा मेजर सेव्हनमध्ये मुक्कामालाच राहतो. एवढ्या स्वरांना एकदम घरी जायची घाई, म्हणून ही कॉर्ड इतकी ताणलेली.

वरच्या चारही कॉर्डमध्ये मूळ स्वर नाही हे लक्षात आलं असेल. तो बासवाल्याचा. 1950 च्या दशकात अहमद जमाल, रेड गार्लंड, विंटन केली, बिल एव्हन्स यांच्या डाव्या हाताने मूळ सोडायला सुरुवात केली आणि पुढे पियानोवाल्यांची ती मातृभाषाच झाली. बिल एव्हन्सच्या त्रिकुटाचं 25 जून 1961 चं व्हिलेज व्हॅनगार्डमधलं ध्वनिमुद्रण ऐका. स्कॉट लाफारोचा बास ठरलेली चाल सोडून हवा तसा फिरतो आणि डावा हात मधल्या सी च्या आसपासच राहतो, खाली येऊन बासच्या पायात पाय घालत नाही. तुम्ही डाव्या हाताने खालचा जी धरून ठेवत असाल आणि बासवाल्याला त्याच वेळी डी फ्लॅट वाजवावासा वाटला, तर त्याच्या वळून बघण्याला अर्थ आहे.

त्याला डी फ्लॅट का वाजवावासा वाटेल? एफ, ए फ्लॅट, बी, ई फ्लॅट हे चार स्वर पुन्हा बघा आणि खाली डी फ्लॅट कल्पा. साधी डी फ्लॅट नाइन झाली. कसलंही ऑल्टरेशन नाही. एफ तिचा तिसरा, बी सातवा, ए फ्लॅट पाचवा, ई फ्लॅट नववा. तीच बोटं, त्याच पट्ट्या. बासने जी वाजवला तर ऐकणाऱ्याला जी ऑल्टर्ड, डी फ्लॅट वाजवला तर ट्रायटोन सबस्टिट्यूशन, म्हणजे जी च्या जागी तीन पूर्ण स्वर दूरच्या मुळाची कॉर्ड. म्हणजे जी ऑल्टर्डसाठी नवा आकार शिकायचा नाहीच. डी फ्लॅटचा साधा, गोड डॉमिनंट (घरच्या कॉर्डकडे ओढणारी सेव्हन कॉर्ड) तुमच्या हातात असेल तर ऑल्टर्ड आलाच. ही गोष्ट मला कोणी पहिल्या वर्षी सांगितली असती तर दोन वह्या वाचल्या असत्या.

याचा आणखी एक फायदा. बी–एफ ही जोडी जी ची आणि डी फ्लॅटचीही, त्यामुळे बारा डॉमिनंट कॉर्डना मिळून अशा जोड्या सहाच. नुसत्या जोड्या डाव्या हाताने अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरवा: बी–एफ, बी फ्लॅट–ई, ए–ई फ्लॅट. जी सेव्हन, सी सेव्हन, एफ सेव्हन असं चौथ्यांचं चक्र आपोआप फिरतं. गाणं वेगात असेल, पुढची कॉर्ड अंगावर येत असेल, तेव्हा एवढ्या दोन स्वरांवर निभतं. गोंधळ झाला तर मी आजही त्यांच्याकडेच परततो आणि कोणाची तक्रार येत नाही.

दुसरी ठेवण, म्हणजे तेच स्वर खालून वर मांडायची दुसरी पद्धत, अशी. डी मायनर नाइन: सी, ई, एफ, ए. जी ऑल्टर्ड: बी, ई फ्लॅट, एफ, ए फ्लॅट. सी मेजर: बी, डी, ई, जी. हिशोब तोच, फक्त वर आता ए–ए फ्लॅट–जी ही ओळ आली. गाणं कोणत्या पट्टीत आहे त्यावर दोन्हीपैकी एक निवडायची, म्हणजे हात फार खाली किंवा फार वर जात नाही. पहिल्या ठेवणीतल्या एफ पासून आणखी चार-पाच पट्ट्या खाली गेलात की या कॉर्ड चिखल होतात. मुंबईच्या पावसाळ्यात सुरातून घसरलेल्या पियानोवर त्याहून आधीच.

शार्प नाइनचं काय? पहिल्या ठेवणीत ए फ्लॅटच्या जागी बी फ्लॅट घ्या: एफ, बी फ्लॅट, बी, ई फ्लॅट. मधे दोन पट्ट्या चिकटून बसल्यात, म्हणजे कोमल आणि शुद्ध दोन्ही गंधार एकदम. आपल्या संगीतात जोगसारख्या रागात दोन्ही गंधार येतात, पण एकामागून एक. इथे एकाच क्षणी. हळू वाजवा, मग या खरखरीची गोडी कळते. टाळायचं ते वेगळं: बी फ्लॅट खाली आणि बी त्याच्या सप्तकभर वर. ते अंतर कानाला टोचतं. बी खाली आणि बी फ्लॅट त्याच्या वर असला की सगळं निवळतं. म्हणून दोन हातांनी वाजवताना शार्प नाइन तिसऱ्याच्या वर ठेवायचा हा माझा नियम. गिटारवाले ज्याला हेंड्रिक्स कॉर्ड म्हणतात, ई, जी शार्प, डी, जी, तिच्यातही जी शार्पच्या वरच जी आहे. पण तिला ऑल्टर्ड समजू नका. तिचा पाचवा कोणी बदललेला नाही आणि तिला कुठे जायची घाईही नाही. ब्लूज आणि रॉकमध्ये ती खुशाल बसून राहते.

दोन हात मोकळे असतील, म्हणजे गाण्याची सुरुवात, शेवट किंवा नुसतं बास-ड्रम सोबत असताना, मला सगळ्यात आवडणारी ठेवण चौथ्या अंतरांची आहे. डावा हात: बी, एफ. उजवा: बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट. तळाला ट्रायटोन, त्यावर सगळी चौथी. तिच्या अलीकडे डी मायनरसाठी सी, एफ, बी, ई, ए ठेवा आणि पलीकडे सी मेजरसाठी बी, ई, ए, डी, जी. अलीकडून येताना एफ थांबतो, बाकी चार बोटं अर्धा स्वर उतरतात. पलीकडे जाताना बी थांबतो, बाकी चार उतरतात. पहिल्यांदा हे हाताला सापडलं तेव्हा मी पाऊणएक तास दुसरं काहीच वाजवलं नव्हतं. एक काळजी: तळाचा बी मधल्या सी ला लागून असेल तर ए फ्लॅट बराच वर जातो आणि सॅक्सोफोनच्या अंगणात शिरतो. कोणाचा सोलो चालू असेल तर पुन्हा चार स्वरांवर या.

आता तुमचा अप्पर स्ट्रक्चरचा तक्ता. तो फेकू नका, पण उलटीकडून वापरा. डाव्या हातात एफ–बी असताना जी ऑल्टर्डवर चार त्रिस्वरी चालतात: ई फ्लॅट मेजर, डी फ्लॅट मेजर, ए फ्लॅट मायनर, बी फ्लॅट मायनर. तक्ता म्हणतो, यातली एक निवडा. मी म्हणतो, आधी सर्वात वरचा स्वर निवडा, आणि तो स्वर धून देते. धुनेत जी असेल तर ई फ्लॅट मेजर अशी उलटवा की जी वर येईल: बी फ्लॅट, ई फ्लॅट, जी. धुनेत ए फ्लॅट असेल तर बी, ई फ्लॅट, ए फ्लॅट. डी फ्लॅट असेल तर डी फ्लॅट मेजर किंवा बी फ्लॅट मायनर, जी आधीच्या बोटांना जवळ असेल ती. ई मेजर त्रिस्वरीही पुष्कळ तक्त्यांमध्ये याच यादीत घुसवलेली असते. तिच्यात ई म्हणजे साधा थर्टीन आहे. ती सुंदर आहे, पण ऑल्टर्ड नव्हे.

आणि धुनेतच वर्ज्य स्वर असेल तर? एका हॉटेलात गायिकेबरोबर वाजवताना मी हे भोगलंय. शेवटच्या ओळीत ती जी सेव्हनवर ए धरून उभी होती, लांब, शांत. मी खालून नुकताच शिकलेला माझा ए फ्लॅट पुढे केला. ती गायची थांबली नाही, पण मध्यांतरात एवढंच म्हणाली, "त्या जागी काय झालं होतं?" कागदावर ऑल्टर्ड लिहिलेलं होतं, माझ्याकडे पुरावा होता. उपयोग शून्य. धुनेत ए असेल तर जी थर्टीन वाजवा, एफ, ए, बी, ई, आणि गप्प राहा. धुनेत ई असेल तर एफ, ए फ्लॅट, बी, ई, म्हणजे फक्त नववा उतरवा. धुनेत डी असेल तर मी सहसा एफ, ए फ्लॅट, बी एवढ्यावर थांबतो. आणि कॉर्डवर लिहिलंय म्हणून ती पूर्ण चार मात्रा ऑल्टर्ड असायला हवी असंही नाही. दोन मात्रा थर्टीन, दोन मात्रा ऑल्टर्ड, हे जवळजवळ नेहमी जास्त चांगलं वाजतं. त्याने वरच्या जिन्याला एक पायरी वाढते.

मायनरमध्ये हे सगळं आणखी सोपं, कारण ई फ्लॅट आणि ए फ्लॅट तिथले घरचेच स्वर. डी हाफ डिमिनिश्डसाठी एफ, ए फ्लॅट, सी, डी, मग एफ, ए फ्लॅट, बी, ई फ्लॅट, मग सी मायनर सिक्स नाइन: ई फ्लॅट, जी, ए, डी. शेवटचा तो ए ऐका, ए फ्लॅटच्या अंधारानंतर तो कसा उजळतो.

एकटे वाजवत असाल तर मूळ तुम्हालाच द्यावं लागेल: डाव्या हातात खालचा जी आणि वरचा एफ, उजव्यात बी, ई फ्लॅट, ए फ्लॅट. बस. इथे पेडलचं बघा. डी मायनरमधला ए आणि सी पेडलखाली रेंगाळत राहिला आणि वर ऑल्टर्ड आली, की बोटं अचूक असूनही चुकल्यासारखं ऐकू येतं. पेडल कॉर्डच्या आधी सोडू नका, कॉर्डबरोबरच सोडून लगेच पुन्हा दाबा. हार्मोनियमवर ही भानगड नसते, पट्टी सुटली की स्वर संपतो. म्हणून तुमच्याकडून हे होत असण्याची मला दाट शंका आहे. एकदा फोनवर रेकॉर्ड करून फक्त पेडल ऐका.

रियाजाचं सांगायचं तर बाराही पट्ट्यांत सगळ्या ठेवणी नकोत. पहिला महिना फक्त ती चार कॉर्डची साखळी, एक पट्टी रोज, मेट्रोनोम 60 वर, आणि प्रत्येक वेळी एक ओळ तोंडाने गात. आज वरच्या बोटाची, उद्या त्याखालच्याची. गाता आली नाही तर बोटांनी वाजवलेली ती ओळ तुम्ही अजून ऐकलेली नाही. महिन्याने डोळे मिटून ऑल्टर्डवर थांबा आणि पुढची कॉर्ड कोणती हे न वाजवता गुणगुणून बघा.

राहिला गिटारचा प्रश्न. दोघांनी एकाच वेळी ऑल्टर्ड वाजवली, एकाने फ्लॅट नाइन घेतला आणि दुसऱ्याने सवयीने साधा नववा, तर वाद्यं चांगली असूनही भांडण ऐकू येतं. तालमीत पाच मिनिटं काढून ठरवून घ्या की पहिल्या फेरीत कॉम्पिंग, म्हणजे कॉर्डची साथ, कोण करणार. दुसऱ्याने तेव्हा हात मांडीवर ठेवायचे, अगदीच राहवलं नाही तर बी–एफ एवढंच. आमच्या बँडमध्ये गिटारवाला माझ्याहून चांगला कॉम्प करतो, म्हणून जलद गाण्यांत मी सोलोखाली बहुतेक वेळ काहीच वाजवत नाही. बासवाला अलीकडे वळून बघत नाही, त्याचं अर्धं श्रेय या रिकाम्या हातांना आहे.